आईचा चेहरा सांगताना

मी आठ वर्षांची असताना एका दुपारी सोप्यात बसून शेंगा फोडत होते. शेजारची बाई धापा टाकत आली आणि आईला म्हणाली, "आवं, गुऱ्हाळात गड्याचा हात चरकात गेला." एवढंच वाक्य. गुऱ्हाळ आमच्या घरापासून अर्ध्या मैलावर होतं. पण तिचं बोलणं संपायच्या आत मला सगळं दिसलं. चरकाचे लोखंडी रूळ, त्यांच्यामध्ये मनगटापर्यंत ओढला गेलेला हात, बोटातली चांदीची अंगठी चपटी होताना, खालच्या रसात उतरणारी तांबडी धार. मी बसल्या जागी ओकले. महिनाभर गुळाचा खडा तोंडात धरवला नाही.

पुढं हंगाम संपून गुऱ्हाळं बंद झाल्यावर तोच माणूस माझ्या वडिलांची खुशाली विचारायला आमच्या दारात आला. त्याची पाचही बोटं जागच्या जागी होती. मधल्या बोटाचं टोक तेवढं चेचलेलं होतं. अंगठी त्यानं जन्मात घातली नव्हती, हे आईनं विचारून मला सांगितलं. मी दाराआडून त्याच्या हाताकडं बघत राहिले. तो पाणी पिऊन निघून गेला, तरी माझ्या डोळ्यांपुढचा तुटका हात गेला नाही. तो अजून आहे.

आमचं गाव कुंडल. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीत होते आणि वर्षाकाठी दोन महिने घरी यायचे. बाकीचे दहा महिने घरात आम्ही तिघी: आई, मी आणि आबांची थोरली बहीण, माझी आत्या. आत्या ऐन तरुणपणी नवरा गेल्यावर माहेरी आली ती कायमची. चार एकर ऊस ह्या दोघीच बघायच्या.

मला असं सगळं समोर दिसायचं, त्याला आईनं कधी वेड म्हटलं नाही. तिनं त्याचा उपयोग करून घेतला. रानातून येताना खुरपं राहिलं, की ती मला समोर बसवायची.

"बघ गं, कुठं ठिवलं मी."

मी डोळे मिटायचे. सकाळचं रान समोर यायचं, एकेक सरी, बांधावरची पाण्याची कळशी, आईची पाठ. त्यात खुरपं दिसायचं. "चिंचंच्या बुंध्याला, मुळीच्या बेचक्यात," मी म्हणायचे आणि ते तिथं असायचं. यात काही विशेष आहे असं मला वाटत नव्हतं. सगळ्यांनाच असं दिसतं, आई मात्र कामात असते म्हणून मला बघायला लावते, अशी माझी समजूत होती.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. आबांची पत्रं मी वाचायची आणि उत्तरंही मीच लिहायची. आबांच्या पत्रांत मायेचं बोलणं फार नसायचं. यादी असायची. म्हैस व्याली का, विहिरीला किती पाणी, पोरीची उंची किती झाली, खांबावर खूण करून आकडा कळवा. आणि शेवटी दरवेळी एक ओळ: फोटो काढून पाठवा.

आईचा एक फोटो होता. लग्नानंतर सांगलीत जाऊन काढलेला. तो आबांच्याच खिशात असायचा. एकाहत्तरच्या लढाईत बंगालच्या बाजूला नदी ओलांडताना आबा गळ्याइतक्या पाण्यातून गेले आणि फोटो भिजला. आमच्याकडं दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून त्यांचा फोटोसाठी तगादा सुरू झाला.

आईनं जायचं ठरवलं तेवढ्यात बहात्तरचा दुष्काळ आला. विहीर आटली, ऊस जळाला, आई आणि आत्या खडी फोडायला जायला लागल्या. आईच्या गालाची हाडं वर आली. पाऊस झाल्यावर मी म्हणाले, "आता जाऊ या फोटो काढाय." आई म्हणाली, "आत्ता नगं. जरा अंग भरू दे. असलं त्वांड बघून त्यास्नी तिकडं घोर लागंल." पुढच्या वर्षीही ती तेच म्हणाली. मी पत्रात लिहायचे, फोटो लवकरच पाठवतो.

मी पंधरा वर्षांची होते, नववीत. आईला ताप आला. पहिल्या दिवशी तिनं काढा घेतला, दुसऱ्या दिवशी रानात गेली, तिसऱ्या दिवशी ती मला ओळखेना. जीप करून तिला सांगलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेलाय. चौथ्या दिवशी, सकाळचे दहा वाजले असतील, आत्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आली आणि माझ्या शेजारी बसली. तिनं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि मला कळलं.

मी रडले नाही. लोकांना त्याचं नवल वाटलं आणि काहींनी नावंही ठेवली. पण मला रडायला येईल कसं? आई माझ्यासमोरच होती. डोळे मिटायचीसुद्धा गरज नव्हती. चेहरा अगदी जवळ, मान किंचित झुकलेली, कपाळावर आडवं कुंकू, मधेच नजर वर करून माझ्याकडं बघणारी. आईला अग्नी दिला तेव्हा बायकांना घरीच थांबवलं होतं, म्हणून ते मी पाहिलं नाही, आणि कुणी त्याचं वर्णन करू लागलं की मी कानात बोटं घालून घरामागच्या परड्यात पळायची. ते एकदा दिसलं असतं तर कायमचं राहिलं असतं.

तार पोचायला दोन दिवस लागले. आबा नवव्या दिवशी आले. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे गेले. आबांनी चाळीस दिवसांची रजा आणली होती. ते रानात जायचे, यायचे, जेवायचे. एका सकाळी मी सोपा सारवत होते आणि ते खांबाला टेकून बसले होते. हातात तोच भिजलेला फोटो. त्यावर पिवळट डागापलीकडं काही उरलं नव्हतं. पदराचा एक काठ ओळखू यायचा, बस.

"पोरी," ते म्हणाले, "तुजी आय दिसाय कशी हुती?"

माझा हात शेणातच थांबला. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"कशी हुती म्हंजे?"

"म्हंजे त्वांड. नाक, डोळं. सांग की जरा."

सोळा वर्षांचा संसार. जाऊन पुरता महिना नाही झाला. आणि हा माणूस मला विचारत होता, तुझी आई दिसायला कशी होती. मी हात न धुता उठले आणि आत गेले. दोन दिवस मी आबांशी बोलले नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण बोलले नाही. माझ्या मनानं सगळा हिशेब लावून टाकला होता. त्यांना तिची कधी माया नव्हतीच. फोटो हवा होता तो पलटणीत चारचौघांना दाखवायला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्यानं मला त्यांची भाकरी घेऊन विहिरीवर पाठवलं. मुद्दामच पाठवलं असणार. आबा पाटाच्या कडेला पाय सोडून बसले होते. मी भाकरी ठेवली आणि निघाले.

"बस," ते म्हणाले. पलटणीतला आवाज नव्हता तो. मी बसले.

"तुला राग आलाय त्ये मला ठावं हाय. पर तू मला एक सांग. मी इचारलं त्यात वंगाळ काय हुतं?"

"तुमी तिला इसरला."

"कोण म्हणतं?"

"मग त्वांड कसं हुतं ह्ये मला का इचारता? तुमास्नी दिसत न्हाई व्हय?"

"दिसंल कसं?" आबा म्हणाले. "ती तर गेली."

"आवं पर डोळ्यांम्होरं!"

"डोळ्यांम्होरं?"

आम्ही दोघं एकमेकांकडं असे बघत होतो, जसं एक जण कानडीत बोलतोय आणि दुसरा मराठीत. मग आबांनी सावकाश विचारलं, "पोरी, तुला काय खरंच दिसती? आत्ता? मी दिसतोय तशी?"

"दिसती की."

"कुठं हाय?"

मी बोट केलं. पाटाच्या पलीकडं, हातभर अंतरावर, तिचा चेहरा होता. आबांनी तिकडं मान वळवली. बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडं बघितलं.

"मला वाटायचं, ही बोलायची रीत हाय," ते म्हणाले. "पलटणीतली पोरं म्हणायची, घर डोळ्यांम्होरं येतंय, पोरगं डोळ्यांम्होरं येतंय. मीबी म्हणायचा. पत्रात लिवतात तसं. खरंच कुणाला दिसत आसंल ह्ये माज्या मनातबी कवा आलं न्हाई."

"मग तुमी डोळं मिटल्यावर काय दिसतं?"

"काळोख."

"नुसता?"

"नुसता. कवाच कायबी न्हाई. तुजं न्हाई, तिचं न्हाई, माज्या आयचं न्हाई. माणूस म्होरं आलं की वळकतो मी. गेलं की गेलं."

दहा महिने हा माणूस सरहद्दीवर बर्फात बसायचा आणि त्याच्याजवळ आम्ही कुणीच नसायचो. मी तर रोज त्यांना बघत होते. ते न पाहिलेल्या डोंगरावर, न पाहिलेल्या तंबूत बसून आमचं पत्र वाचताना मला दिसायचे. त्यांनाही असंच आमचं घर दिसत असणार, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की ते कधी विचारावं असंही वाटलं नव्हतं.

"मग आमची आठवण कशी यायची?"

आबांनी भाकरीचं फडकं सोडलं. "ठावं असायचं," ते म्हणाले. "तू हायस, तुजी उंची अमुक झाली, ती भाकरी करताना पैला तुकडा गाईला काढून ठिवती. ह्ये समदं ठावं असायचं. पर बघायचं म्हनलं तर फोटूच. त्यो भिजला तवा मी लय घाबरलो हुतो. लडाईत न्हाई घाबरलो तेवढा."

घरी परतताना आम्ही दोघं एकामागं एक बांधावरून चाललो होतो. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. दोन दिवस मी ज्या माणसावर रागावले होते त्यानं काही विसरलेलंच नव्हतं. त्याला मुळात काही दिलंच गेलं नव्हतं.

पेंटरची कल्पना आबांची. त्यांच्या पलटणीतल्या कुणीतरी सांगितलं होतं, की सांगलीत एक म्हातारे चित्रकार आहेत, नातेवाइकांनी नुसतं वर्णन केलं तरी गेलेल्या माणसाचं चित्र काढून देतात. आबांची दहा दिवसांची रजा उरली होती. आम्ही एस.टी.नं सांगलीला गेलो.

चित्रकारांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढं दुकानांच्या पाट्या वाळत ठेवलेल्या, मागं खिडकीजवळ त्यांची बसायची जागा. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि आबांना म्हणाले, "तुम्ही बाहेर बाकावर बसा. दोघांनी सांगितलं की चित्र बिघडतं. एकानंच सांगायचं."

"हीच सांगंल," आबा म्हणाले. "मला न्हाई येणार."

मी सांगू लागले. कपाळ किती बोटं रुंद, भुवया कुठं विरळ, डाव्या-उजव्या डोळ्यात किती फरक, कानाची पाळी दागिन्यानं कशी ओघळलेली, हनुवटीवरची बारीक खळी. मला काही आठवावं लागत नव्हतं. समोर बघायचं आणि वाचून दाखवायचं. चित्रकार कोळशानं काढत, पुसत, पुन्हा काढत. "पापणी जाड झाली," मी म्हणायचे. "वरचा ओठ एवढा न्हाई." दुसऱ्या दिवशी ते कोळसा खाली ठेवून म्हणाले, "तीस वर्षं हे काम करतोय. लोक म्हणतात, चेहरा गोल होता, स्वभाव प्रेमळ होता. तुझ्यासारखं कुणी सांगत नाही." मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, आई गेल्याच्या दुसऱ्या महिन्यात मला त्या वाक्याचा अभिमान वाटला.

दोन-तीन ठिकाणी ते अडले. नाकातली चमकी मी बोटानं दाखवली तेव्हा ते थांबले.

"ही तिची उजवी बाजू झाली. चमकी डाव्या नाकात असते ना?"

"आईची हितंच हाय," मी म्हणाले. माझं स्वतःचं नाक डावीकडं टोचलेलं होतं, तरी मी हे म्हणाले. "मला दिसतंय."

त्यांनी चमकी तिथं काढली. भुवईवर भाजल्याचा एक व्रण होता, कडबोळ्यासारखा, तोही मी दाखवला तिथं काढला. गळ्याशी आल्यावर त्यांनी मंगळसूत्र कसं होतं ते विचारलं. मी म्हणाले, "गळा दिसत न्हाई. तिथं खाली काळं हाय." त्यांनी अंदाजानं काढलं. आणि शेवटी ते ओठांकडं बघत म्हणाले, "ही बाई काहीतरी ओठांत धरून आहे असं वाटतं."

"तशीच असायची," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी चित्र पुरं झालं. रंग भरायचे बाकी होते, पण ती आई होती. माझ्यासमोरच्या चेहऱ्यावर तो कागद धरला तर रेषेवर रेष बसली असती. चित्रकारांनी आबांना आत बोलावलं.

आबा टोपी हातात धरून चित्रासमोर उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते रडतील, अशी माझी खात्री होती. ते पुढं झाले, वाकले, मागं सरकले.

"मला वळक लागंना," ते म्हणाले.

मी काही बोलायच्या आत त्यांनी आपला उजवा हात वर केला आणि अंगठा हवेत चित्राच्या भुवईसमोर नेला. तो व्रण होता त्या भुवईवर गेला नाही. दुसऱ्या भुवईवर गेला.

"भाजल्याली खूण हिकडं हाय," ते म्हणाले. "काकवी उडली हुती. लगीन झालं त्या सालची गोष्ट. मी तिच्या म्होरं बसून रोज हळद लावायचा, ह्या अंगठ्यानं. माजा हात सरळ जायाचा, आडवा न्हाई. खूण डावीकडं हाय."

"उजवीकडं हाय," मी म्हणाले. "मला दिसती, आबा. तुमास्नी दिसत न्हाई."

हे वाक्य मी त्यांना म्हणाले. चित्रकारांच्या समोर. आबांचा हात खाली आला, पण ते मागं हटले नाहीत. "दिसत न्हाई," ते म्हणाले. "पर ठावं हाय."

चित्रकार मधे पडले नाहीत. ते चित्राकडं बघत होते. मग त्यांनी मला विचारलं, "पोरी, तुझी वेणी कोण घालायचं?"

"आई."

"कुठं बसून?"

"सोप्यात. आरशाम्होरं." बोलता बोलताच माझा आवाज बारीक झाला.

तो आरसा आबांनीच पलटणीच्या कॅन्टीनमधून आणलेला होता. भिंतीवर खाली टांगलेला. रोज सकाळी शाळेआधी मी त्याच्यासमोर बसायची आणि आई माझ्यामागं गुडघ्यावर बसून वेणी घालायची, रिबिनीचं टोक ओठांत धरून. बाकी दिवसभर आई कधी माझ्याकडं तोंड करून स्वस्थ बसलीच नव्हती. चुलीपुढं असायची ती पाठमोरी, रानात असायची ती वाकलेली. तिचा चेहरा मी निवांत बघितला तो तेवढा वेळ, काचेत. खाली जे काळं दिसायचं ते माझंच डोकं होतं.

चित्र काढणारे लोक चूक शोधायला आरसा वापरतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांच्या खिडकीशी एक जुना आरसा होता. त्यांनी कागद फळीसकट उचलला आणि आरशासमोर धरला. "आता बघा," ते आबांना म्हणाले.

आबांनी आरशात बघितलं. ते हळूच खाली, जमिनीवर, पाट्यांच्या मधेच बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली आणि आरशातल्या चेहऱ्याकडं बघत म्हणाले, "हीच. हीच की गं."

मी पण बघितलं. आरशात एक बाई होती. नाक तेच, कुंकू तेच, खळी तीच. पण ती मला कोण लागत होती ते कळेना. जी मला आई दिसत होती ती जगात कुणालाच कधी दिसलेली नव्हती. आणि जी खरी होती, जिला गावानं, आत्यानं, ह्या माणसानं पाहिलं होतं, ती मला परकी वाटत होती.

घरी आल्यावर मी काही न सांगता आत्याला विचारलं, "आईच्या भाजल्याची खूण कुठल्या भुवईवर हुती?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डाव्या." मग मी परड्यात जाऊन रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. ती समोरच होती, नेहमीसारखी, ओठांत रिबीन धरून. मी तिला माझ्याकडं तोंड करून बसवायचा खूप प्रयत्न केला. ती वळली नाही.

चित्रकारांनी पातळ कागदावर चित्र उलटं उतरवून घेतलं आणि त्यावरून रंगीत चित्र केलं. ओठ त्यांनी थोडे सैल केले. चित्र आलं तेव्हा आबा ड्यूटीवर परत गेले होते. आम्ही सांगलीतच त्याचा छोटा फोटो काढून घेतला आणि पत्रातून पाठवला. त्यांचं उत्तर आलं: फोटो मिळाला. दोन पिशव्या एकात एक घालून त्यात ठेवला आहे. म्हशीला कितवा महिना ते कळवा.

मला मात्र कशावर विश्वास ठेवावा ते कळेनासं झालं होतं. वर्गात मी डोळ्यांपुढं दिसणारं पुस्तकाचं पान वाचून उत्तर लिहायची. आता लिहिताना हात अडखळायचा. कुणी विचारलं, अमकी वस्तू कुठं पाहिलीस, की मी म्हणायची, दिसती तर तिथं, पण तुम्ही बघून घ्या. आबा पुढच्या वर्षी रजेवर आले तेव्हा आमचा एक खेळच झाला. ते सांगायचे ते ठाऊक असलेलं आणि मी सांगायची ते दिसणारं. दोन्ही जुळलं नाही की आत्याला विचारायचं. आत्या बहुतेक वेळा म्हणायची, "दोघंबी चुकताय," आणि तिसरंच काहीतरी सांगायची.

मॅट्रिक झाल्यावर मी शिक्षिका व्हायला साताऱ्याला गेले. शेवटच्या वर्षी आमचे सरावपाठ असायचे. शाळेतल्या खऱ्या वर्गावर तास घ्यायचा, मागं परीक्षक बसलेले. माझ्या वाट्याला चौथीचा वर्ग आणि निबंध आला: आमची गाय. मी मुलांना म्हणाले, डोळे मिटा आणि गाय बघा, मग काय दिसतं ते सांगा. हात भराभर वर झाले. तांबडी, पांढरी, एक शिंग मोडकं. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी डोळे घट्ट मिटून बसली होती. तिचं तोंड रडवेलं झालं होतं.

"तुला कशी दिसते गं?"

"बाई, मला काईच दिसत न्हाई."

वर्ग हसला. मी खडू खाली ठेवला. इतकी वर्षं मला वाटत होतं, की जगात असे फक्त आबाच.

मी डोळे उघडायला सांगितलं. वर्गाला रांगेत उभं केलं आणि शाळेच्या मागच्या गल्लीत एका गवळ्याच्या गोठ्यावर नेलं. परीक्षक छत्री घेऊन मागून आले. मुलांनी गाय बघितली, हात लावला, गवळ्यानं नावं सांगितली. ती मुलगी गाईच्या मानेखालची लोंबती कातडी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि मोठ्यानं सांगू लागली: इथं मऊ आहे, इथं खरबरीत, इथं गरम. परत येऊन तिनं पाटी दोन्ही बाजूंनी भरली.

परीक्षकांनी माझ्या वहीत शेरा लिहिला, की पाठाची पूर्वतयारी अपुरी, वर्ग परवानगीशिवाय बाहेर नेला. गुण कमी पडले. सुट्टीत घरी गेल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. ते पेन्शनीत आले होते आणि अंगणात बसून दोर वळत होते.

"त्या पोरीचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि दोराला पुढचा पीळ दिला.